डोनल हेहिरची हजेरी

शॅनन, काउंटी क्लेअर
११ ऑक्टोबर २०२०

बाबा,

मायना काय लिहायचा यात चहा गार झाला. 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, मनात नाही ते कागदावर कशाला. म्हणून नुसतं बाबा.

पत्र अशासाठी, की फोनवर आपलं बोलणं एका वाक्याच्या पुढे जात नाही. "बरी आहेस ना? घे, ज्ञानेशशी बोल." मला आयर्लंडला येऊन सहा वर्षं झाली, दर रविवारी हेच. परवा ज्ञानेश म्हणाला, "ताई, बाबा विचारत होते, रेवतीचं नवीन काम नक्की काय आहे." म्हटलं, मग मला का नाही विचारत? तर तुमचा लाडका लेक म्हणतो, "तुम्हा बापलेकीच्या मध्ये मला घेऊ नका, मी इथे पुण्यात सुखी आहे." तर घ्या, विचारलंत म्हणून सांगते.

आमच्या गावाचं पोट विमानतळावर आणि त्याला लागून असलेल्या कारखान्यांवर. मार्चमध्ये कोरोनाने विमानं बसली आणि निम्मं गाव घरी बसलं. सरकारने काम गेलेल्यांना नवं काही शिकवायला पैसा काढला आणि आमच्या प्रशिक्षण केंद्राला त्यातलं एक कंत्राट मिळालं. केंद्र अंबरीशचं. नागपूरचा आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो, आणि बोलायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. सोळा माणसं, छत्तीस आठवडे. कारखान्यात तयार मालाची तपासणी आता संगणकावर होते, ती शिकवायची. शिकवणारी मी.

सगळ्यात मोठा विद्यार्थी डोनल हेहिर, सत्तावन्न वर्षांचा. सव्वीस वर्षं विमानात बॅगा चढवल्या आणि उतरवल्या. पंजा एवढा मोठा की माउस त्यात दिसेनासाच होतो. पहिल्या दिवशी म्हणाला, "मी शेवटची परीक्षा दिली तेव्हा तू पाळण्यात असशील, रेव्हती." माझं नाव असंच म्हणतो. लिमरिकच्या एका कारखान्याने शब्द दिलाय, प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येकाला मुलाखतीला बोलावणार. डोनल म्हणतो ही त्याची शेवटची संधी आहे, यानंतर त्याला कुणी दारात उभं करणार नाही. वही उघडून बसतो, मी म्हणेन ते सगळं उतरवून घेतो, माझ्या विनोदांसकट.

आणि हो, इथेही हजेरी आहे बरं का. ऐंशी टक्के. तुमच्यापेक्षा पाच जास्त. हा देश तुम्हाला आवडला असता. हजेरीवर शिकणाऱ्यांचा भत्ता, हजेरीवर केंद्राचं अनुदान. दर शुक्रवारी तक्ता भरून सरकारी कचेरीत पाठवायचा.

मी मात्र ठरवून टाकलंय. माझ्या वर्गात हजेरीपायी कुणाचं वर्ष जाणार नाही. १९९८ साली एका विभागप्रमुखाने आपल्या सख्ख्या मुलीचं नाव कमी हजेरीच्या यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं, तेवढं पुरे झालं.

अभिजित बरा आहे, घरूनच काम करतो. तन्वी दहा वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते, तेही इथल्या हेलात. तुम्हाला एक अक्षर कळणार नाही.

रेवती


शॅनन
३१ जानेवारी २०२१

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. पाच ओळी. त्यातल्या दोन प्रश्नांच्या. "अनुदानाची तपासणी कोण करते? हजेरीवर सही कोणाची असते?" वा! मुलगी कशी आहे, नात काय शिकते, जावई काय म्हणतो, ते राहू दे. सही कोणाची! मी वाचून हसले आणि मग इतका राग आला की पत्र प्रेसमध्ये टाकून दिलं. प्रेस म्हणजे इथल्या भाषेत कपाट.

सही माझी असते. झालं समाधान?

नाताळनंतर सगळं पुन्हा बंद आहे. वर्ग आता लॅपटॉपवर. सोळा चौकोन, त्यातले निम्मे काळे. लिमरिकचं हॉस्पिटल भरलंय. डोनल तिथेच आहे. चौदा तारखेला त्याची बायको नोरीन हिचा फोन आला होता. म्हणाली, "ऑक्सिजनवर ठेवलाय, पण होईल ग्रँड." इथे माणसं सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, म्हणजे झकास. पाय मोडला तरी ग्रँड.  तिला आत जाऊ देत नाहीत. गाडी पार्किंगमध्ये लावून नुसती बसून राहते.

त्याच्या नावाची काळजी नाही. ते यादीतून जाणार नाही, एवढं मी बघते.

ऑक्सिजन म्हटलं की मला सिव्हिलमधला तो खोकला ऐकू येतो, आईच्या पलीकडच्या खाटेवरचा. एक्केचाळीस दिवस मी तिथे होते, बाबा. आईची वेणी घालायचे, डबा भरवायचे, सलाइन संपत आलं की सिस्टरला शोधत पळायचे. सतरा वर्षांची होते. तुम्ही कॉलेज सुटल्यावर यायचात, तासभर पायाशी स्टुलावर बसायचात आणि डबा घेऊन जायचात. आई गेली. पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डावर यादी लागली. माझी हजेरी एकाहत्तर टक्के. खाली तुमची सही. मी घरी येऊन विचारलं तेव्हा काय म्हणालात आठवतं? "तू नव्हतीस. होतीस असं मी कसं लिहू?"

वर्ष गेलं ते गेलं. त्यानंतर मी त्या घरात पाहुण्यासारखीच राहिले, हे तुम्हालाही माहीत आहे.

बाकी वर्ग ठीक चाललाय. अंबरीश खूश आहे. म्हणतो, ताई, आपल्याइतकी हजेरी अख्ख्या काउंटीत कुणाची नाही. जाऊ दे. तुम्ही डोळ्यांचे थेंब वेळेवर घालता की नाही?

रेवती


शॅनन
२ मे २०२१

बाबा,

ज्ञानेशचा रिपोर्ट चांगला आला हे कळलं तेव्हा कुठे घास गिळला. पुण्याच्या बातम्या बघवत नाहीत. तुम्ही खाली दूध आणायला जाऊ नका, हात जोडते. विमानं बंद आहेत. काही झालं तर मी पोचू शकणार नाही. 

आता एक विचारायचं आहे. तुम्ही आयुष्यभर हजेरी सांभाळलीत म्हणून विचारते. आमच्या ओळखीत एक बाई आहे, लिमरिकला शिकवते. तिचा एक विद्यार्थी आजारी पडला, तर तिने त्याची हजेरी भरून टाकली. वाईट हेतू काही नव्हता. पुण्याच्या कॉलेजात तिने नऊ वर्षं हेच केलं होतं. तुम्हाला माहीत आहे खासगी कॉलेजात कसं चालतं ते. सत्र संपताना डिफॉल्टरची यादी लागते, मुलं रडत येतात, मॅडम टर्म ग्रँट करा ना, म्हणजे सत्र मंजूर करून परीक्षेला बसू द्या. मग एका दुपारी चहा मागवून सगळा स्टाफ निळी आणि काळी पेनं आलटून पालटून हजेऱ्या पूर्ण करतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मुलांचं भलं म्हणतात. तर त्या बाईने

छे. चाळिशीला आले आणि अजून तुमच्यासमोर थापा मारतेय. बाबा, ती बाई मीच आहे. विद्यार्थी डोनल.

सहा आठवडे. चौदा जानेवारी ते सव्वीस फेब्रुवारी. दर शुक्रवारी तक्ता काढायचा, सोळा नावं, डोनल हेहिरच्या पुढे पाच वेळा हजर, खाली माझी सही. पहिल्या शुक्रवारी मी अंबरीशला फोन केला होता, तर तो हसून म्हणाला, "टर्म ग्रँट करून टाका, ताई." मीही हसले. किती वर्षांनी तो शब्द ऐकला! त्याला त्या जागेचं अनुदान हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला वाटलं, माझं कारण वेगळं आहे. माझं चांगलं आहे.

आता ऐका काय झालं ते. नोरीनने बिचारीने नवऱ्याच्या आजारपणाच्या भत्त्याचा अर्ज केला होता. तो मंजूर झाला. आणि मी हजर लिहिल्यामुळे शिकण्याचा भत्ताही चालूच राहिला. तिला वाटलं सरकार दयाळू आहे. एप्रिलमध्ये डोनलला पत्र आलं. तुम्ही वर्गात होता की हॉस्पिटलात होता? खुलासा करा, नाहीतर खोटा अर्ज केला असं धरू. ज्या माणसाने सव्वीस वर्षं लोकांच्या बॅगा हाताळल्या आणि एक कुलूप उघडून बघितलं नाही, त्याला हे पत्र. आणि हे कमी म्हणून की काय, त्या सहा आठवड्यांत शिकवलेला मुख्य विषय कागदावर त्याचा शिकून झालेला आहे. मार्चमध्ये परत आला तर त्याला काहीच कळेना. तो म्हणाला पुन्हा शिकव. कचेरी म्हणते, शिकलेल्यालाच पुन्हा शिकवायला सरकार पैसे देत नाही.

मी चांगलं करायला गेले होते, बाबा.

सहा तारखेला तपासनीस येणार आहेत. अंबरीशने तोडगा काढलाय. एक कागद तयार केलाय, इंग्रजीत, छान टाइप करून. "मी हॉस्पिटलच्या खाटेवरून फोनवर रोज वर्गाला हजर होतो." डोनलने खाली सही करायची. म्हणजे हजेरीही खरी, आजारपणही खरं, सगळे सुटले. अंबरीश म्हणतो, ताई, तुमच्यावर त्याचा विश्वास आहे, तुम्हीच जा. शिवाय आमचा नागरिकत्वाचा अर्ज दोन वर्षं अडकून पडलाय, त्यात चारित्र्य चांगलं हवं अशी अट आहे. अभिजित नुसता भांडी घासतो, घासलेलीच पुन्हा.

उद्या दुपारी कागद घेऊन डोनलकडे जाणार आहे.

तुमचा सल्ला मागत नाही. तुम्हाला पत्र पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. म्हणून तर लिहू शकले.

रेवती


शॅनन
९ मे २०२१

बाबा,

आधीचं पत्र अजून वाटेत असेल. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

डोनल सिक्समाइलब्रिजला राहतो, इथून गाडीने पंधरा मिनिटं. कुणाच्या घरात जायला परवानगी नाही, म्हणून बाहेर अंगणाच्या भिंतीशी उभे राहिलो. नोरीनने भिंतीवर चहाचा कप ठेवला आणि मागे सरकली. तो आतून आला. बाबा, मी ओळखलंच नाही. स्वेटर त्याच्या अंगावर लोंबत होता. दारापासून भिंतीपर्यंत आठ पावलं असतील, त्यात दोनदा थांबला. मग म्हणाला, "ग्रँड दिवस आहे, नाही?"

मी कागद दिला. म्हटलं, यावर सही केलीस तर तुझं ते पत्राचं मिटेल. तो चष्मा लावून हळूहळू वाचत होता. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मी होतो का तिथे, रेव्हती?"



तो म्हणाला, "मला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. छत आठवतं. एक नर्स आठवते, ती गाणं म्हणायची. पण तू म्हणत असशील की मी होतो, तर असेन. तू कशाला खोटं बोलशील?" आणि त्याने नोरीनकडे पेन मागितलं. तिने एप्रनच्या खिशातून काढून दिलं. त्याने कागद भिंतीवर ठेवला. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं आणि पेन टेकवलं.

तुमचा इतका राग मला कधी आला नव्हता, जितका तेव्हा माझा मलाच आला.

मी कागद ओढून घेतला. ओढताना चहा सांडला. म्हटलं, "नव्हतास, डोनल. तू नव्हतास. होतास असं मी लिहिलं." ते तोंडातून गेलं आणि माझ्या कानात तुमचाच आवाज आला.

सगळं सांगितलं. डोनल ऐकत होता. नोरीन मात्र पुढे आली. म्हणाली, "तो तिकडे श्वासासाठी झगडत होता, आणि तू त्याला वर्गात बसवलंस?" आणि कप उचलून आत गेली. डोनल बराच वेळ भिंतीवरचा चहा बाहीने पुसत राहिला. मग म्हणाला, "तू माझ्या भल्यासाठी केलंस, मला माहीत आहे. पण मला विचारायचं होतंस, गर्ल."

सहा तारखेला तपासनीस आल्या. डर्व्हला नावाची बाई, माझ्याच वयाची, लोकरीची टोपी घातलेली, आल्या आल्या खिडकी उघडायला लावली. अंबरीशने चकल्या ठेवल्या होत्या. तिने एक खाल्लीदेखील. अंबरीश सांगत होता, संगणकात काहीतरी बिघाड असेल, आपोआप हजर पडत असेल. मी म्हटलं, संगणकाने नाही, मी लिहिलं. हाताने. सहाही आठवडे. अंबरीशने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या घराला काडी लावली. तसं बघितलं तर लावलीच.

डर्व्हला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या सहीचा एक तक्ता घेतला आणि उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळ्या खुणा छापलेल्या. हजर, गैरहजर, आणि तिसरी: दाखल्यासह आजारी. ती खूण केली की टक्केवारी मोडत नाही, जागा राखून ठेवतात, माणूस बरा होऊन पुढच्या तुकडीत तिथूनच सुरू करतो. भत्ता आजारपणाच्या खात्यातून मिळतो. नोरीनने हॉस्पिटलचा दाखला जानेवारीतच आम्हाला पाठवला होता. मी "गेट वेल सून" असं उत्तरही दिलं होतं.

डर्व्हलाने विचारलं, "तुम्ही मागची बाजू वाचली नाही?"

काय सांगू तिला? आमच्याकडे मागची बाजू कुणी वाचत नाही. आमच्याकडे नियम अडवायला असतो आणि चांगला माणूस तो चुकवून देतो, एवढंच मला ठाऊक. नियमात कुणी माझ्या डोनलसाठी आधीच जागा करून ठेवली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. एवढं म्हटलं, "नाही वाचली." तिने लिहून घेतलं.

ती आणखी एक बोलली. म्हणाली, हा पैसा लोकांचा आहे, तो कुठे गेला हे मला सांगावं लागतं, आणि माझ्याकडे सांगायला फक्त तुमचे तक्ते आहेत. तुमचे तक्ते खोटे असतील तर मी त्या सोळा जणांना पाहूच शकत नाही.

घरी येऊन मी तुमच्यावर चिडले. हो, तुमच्यावरच. कारण तुमच्या कॉलेजातही मागची बाजू होती, बाबा! मी स्वतः नऊ वर्षं शिकवलंय, मला नंतर कळलं. आजारपणामुळे हजेरीत सवलत मिळावी म्हणून अर्ज करता येतो. घरच्या माणसाचं आजारपणही चालतं. प्राचार्यांनी डोळे मिटून सही केली असती, सगळ्या कॉलेजला माहीत होतं आई कुठे आहे. तुम्ही विभागप्रमुख. तुम्हाला तो अर्ज माहीत नव्हता असं सांगू नका. तुम्ही मला सांगितला नाहीत, कारण 'सरांच्या मुलीला सवलत' असं कुणी म्हणायला नको होतं. तुम्ही खरं लिहिलंत, मान्य. पण ते तुमच्या नावासाठी लिहिलंत. आणि मी खोटं लिहिलं तेही माझ्या नावासाठीच, रेवती किती चांगली म्हणून. घ्या. तुमचीच मुलगी आहे.

हे पत्र टाकू की नको, माहीत नाही. टाकतेच.

रेवती


शॅनन
२१ जुलै २०२१

बाबा,

तुमचं पत्र काल मिळालं. पाकिटावर ३ जूनचा शिक्का. त्याबद्दल शेवटी लिहिते, आधी इकडचं सांगू दे, नाहीतर मला लिहिताच येणार नाही.

डोनल सुटला. खात्याने लिहून कळवलं की त्याची काही चूक नव्हती. जादा आलेला भत्ता केंद्राकडून वसूल होणार. त्या विषयाची नोंद पुसली गेली आणि सप्टेंबरमध्ये लिमरिकच्या दुसऱ्या एका केंद्रात त्याला जागा मिळाली आहे. त्यानेच फोन करून सांगितलं. मागून नोरीनचा आवाज येत होता, पण ती फोनवर आली नाही. तिचं बरोबर आहे.

आमचं केंद्र बंद पडलं. कंत्राट थांबवलं, सगळे जुने तक्ते तपासायला नेले. कोर्सचे सहा आठवडे राहिले होते. उरलेल्या पंधरा जणांना पाठवायला सरकार जागा शोधतंय, आत्तापर्यंत नऊ जणांची सोय झाली. सहा जण तसेच आहेत. त्यातली एक हॉटेलात काम करायची, दोन मुलांची आई. परवा दुकानात रांगेत माझ्या पुढे होती. मला बघून तोंड फिरवलं आणि मग न राहवून वळून म्हणाली, "एका माणसासाठी खोटं बोललीस आणि एका माणसासाठी खरं बोललीस. आमचा विचार कधी केलास?" मी पिशवी तिथेच ठेवून बाहेर आले. बाबा, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

अंबरीश फोन उचलत नाही. लिमरिकच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी काही लिहिलं की सगळे एकदम गप्प होतात. त्याच्या बायकोने कुणाला तरी सांगितलं, ताईंना एवढंच सत्य बोलायचं होतं तर जानेवारीत बोलायचं होतं. तिचंही बरोबर आहे. नोकरी गेलीच. नागरिकत्वाच्या कचेरीला मी स्वतः कळवलं, अजून उत्तर नाही. अभिजित एवढंच म्हणाला, "कळवलंस ते बरं केलंस," आणि मग तासभर तन्वीला सायकल शिकवत होता, जी तिला चार वर्षं येते.

तन्वी म्हणते, "But you told the truth, Mam, so it's grand, like." मी म्हटलं, नाही गं सोन्या, ग्रँड नाही. मग म्हणाली, "Would Ajoba say it's grand?" मी म्हटलं, विचारते.

आता तुमचं पत्र. तुम्ही लिहिलेलं तुम्हाला पाठ असेल, तरी मी उतरवून काढते. कालपासून इतक्यांदा वाचलंय की मलाच पाठ झालंय.

"चि. रेवतीस. तुझी दोन्ही पत्रे एकाच दिवशी मिळाली. सवलतीचा अर्ज छापील मिळत असे. मी तो आणला होता. तुझे नाव लिहिले, कारण लिहिले, वडील म्हणून सही केली. पुढे पाठवला नाही. कारण तू लिहिले आहेस तेच. तो अर्ज माझ्याजवळ आहे. तेवीस वर्षांत फाडून टाकण्याचे धैर्य झाले नाही व दाखवण्याचेही झाले नाही. आणखी एक. ते एक्केचाळीस दिवस तुझ्या नावापुढे गैरहजर असे आहे. त्यातील कामाच्या प्रत्येक दिवशी माझी मस्टरवर सही आहे. वेळेवर. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. तुझी नोंद माझ्या नावापुढे असायला हवी होती. प्रकृतीस जपावे."

बाबा, मी काल स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मोठ्याने रडले. अभिजित धावत आला, त्याला वाटलं तुमचं काही बरंवाईट झालं. मी त्याला पत्र दिलं. तो वाचून खुर्चीवर बसला.

तेवीस वर्षं मी समजत होते की त्या यादीने माझं वर्ष नेलं. मी कधी त्या यादीकडे असं बघितलंच नाही, की मी आईपाशी होते याची लेखी नोंद जगात तेवढी एकच आहे. तुम्ही दया येऊन हजर लिहिलं असतंत, तर कागदावर मी त्या दिवसांत वर्गात बसलेली असते, डोनलसारखी. अर्ज न पाठवल्याचा राग मात्र आहे. तो जाणार नाही, आणि घालवायचा प्रयत्नही मी करणार नाही, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही रोज कुठल्या तोंडाने त्या मस्टरवर सही केली असेल, आणि मग संध्याकाळी स्टुलावर तिच्या पायाशी का बसायचात, डोक्याशी का नाही, हे काल पहिल्यांदा माझ्या मनात आलं. मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

तो अर्ज टाकू नका. पोस्टाने पाठवूही नका, हरवेल. विमानं नीट सुरू झाली की मी येऊन घेईन.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. या वेळी ज्ञानेशकडे देऊ नका.

तुमची
रेवती